वेशीची किल्ली

धुरपताबाईबद्दल लिहायचं तर आधी एक कबुली देतो. गेली चार वर्षं मी त्या बाईवर जळतो आहे. जिचं नाव कुठल्या शाळेच्या पटावर कधी चढलं नाही, जी कागदावर अंगठा उठवते, तिच्यावर मी जळतो. मी म्हणजे साहेबराव गुरुजी, एकतीस वर्षं मास्तरकी केलेला, मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिता-वाचता येणारा माणूस. माझी बायको सिंधू म्हणते, "तुमाला जेवन पचत न्हाई त्याचं कारन पोटात न्हाई, वेशीत हाय." तिचं बरोबर आहे, पण बायकोला बरोबर म्हणायचा आमच्या घरात रिवाज नाही.

आमचं हरणसांगवी रेणापूरपासून दोन कोसांवर आहे. गाव लहान, पण गावाचा मधला भाग जुना आणि भारदस्त. आधी काळ्या दगडाची कमानीची वेस, तिच्या दोन्ही अंगांना बसायच्या देवड्या. वेशीतून सरळ आत गेलं की सागवानी खांबांची चावडी. निजामाच्या अमलात तिथं दरोगा मुक्कामाला यायचा. चावडीच्या मागं पायऱ्यांची बारव, तीही निम्मी गाळात. गावाला या कशाचं सोयरसुतक नव्हतं. वेशीला म्हशी अंग घासायच्या, चावडीत पत्त्यांचा डाव रंगायचा आणि बारवेत कबुतरं नांदायची. कदर करणारा गावात एकच माणूस होता आणि तो मी होतो. सतरा वर्षं मी एका जाड रजिस्टरात गावाचा इतिहास लिहीत होतो. ही वेस आमच्या पूर्वजांनी बांधली, असं त्याच्या पहिल्याच पानावर होतं. पुरावा विचाराल तर मला आजोबांनी सांगितलं होतं. आजोबांना कुणी सांगितलं, हे मी कधी विचारलं नाही.

धुरपताबाईचं घर वेशीच्या बाहेर, बौद्धवाड्यात पहिलंच. ती मूळची हदगावकडची, कापूस वेचता वेचता मोठी झालेली. भीमाशी लग्न होऊन इथं आली तेव्हा खेळायच्या वयाची होती. भीमाचा बाप लिंबाजी हा गावचा वेसकर. दिवेलागणीला वेस लावायची, झुंजुमुंजू झालं की उघडायची, कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या घरी पाहुणा उतरला, हे सगळं ध्यानात ठेवायचं, हे त्याचं काम. लहानगी सून देवडीजवळ येऊन बसायची आणि लिंबाजी तिला बोलत राहायचा. म्हाताऱ्याला दुसरं ऐकणारं कोण होतं?

पुढं छप्पन साली त्या लोकांनी धम्म घेतला आणि लिंबाजीनं ते काम सोडलं. वेशीची दारं उघडीच राहिली, मग कुजली, मग कुणाच्या तरी चुलीत गेली. लिंबाजी गेला. काही वर्षांनी भीमा काविळीनं गेला. बहात्तरच्या दुष्काळात धुरपताबाईनं दोन वर्षांची लेक बाभळीला झोळीत टांगून रस्त्याची खडी फोडली. ती लेक म्हणजे पंचशीला. ती माझ्याच हाताखाली शिकली आणि शालान्त परीक्षेला रेणापूरच्या केंद्रात पहिली आली. चारचौघांत मी म्हणालो, माझी विद्यार्थिनी! घरी आल्यावर मात्र माझ्या पुतणीला उगाच झापलं, कारण ती तिसऱ्यांदा गणितात गेली होती.

पण माझ्या जळण्याची खरी सुरुवात पाण्यापासून झाली.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादच्या चकरा मारून चपला झिजवलेल्या आम्हा लोकांनी गावात साखर वाटली. त्याच आठवड्यात मी रजिस्टर काखेत मारून लातूरला गेलो आणि अर्ज दिला, की आमच्या गावची वेस, चावडी आणि बारव सरकारनं जतन करावी. अर्ज नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीतल्या नव्या कपाटात गेला आणि तिथं निवांत झोपला.

मग पंच्याऐंशीला पावसानं पाठ फिरवली. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात गावात टँकर यायला लागला. यायला लागला म्हणजे वेशीपर्यंत. कमान ठेंगणी, टँकर मोठा, आत शिरेना. तो थांबायचा बाहेर, नेमका बौद्धवाड्यासमोर. हॉर्न वाजला की धुरपताबाई चार पावलं चालून पहिल्या नंबरावर. आमच्या गल्लीतल्या बाया घागरी घेऊन वेशीबाहेर येईपर्यंत रांग पार ओढ्यापर्यंत गेलेली असायची. सिंधू रोज उन्हात तळून निघायची आणि घरी येऊन मला ऐकवायची.

पूर्वी आमच्याच गावात, माझ्या डोळ्यांदेखत, वेशीबाहेरच्या बाया पाण्यासाठी बारवेपासून दहा हात लांब बसून राहायच्या. आतल्या कुणाला दया आली तर वरून घागरीत ओतायचं, नाही आली तर त्यांनी बसून राहायचं. हे मला ठाऊक होतं. रजिस्टरात मी ते लिहिलेलं नव्हतं. आणि त्या उन्हाळ्यात मला त्याची आठवण येऊन लाज वाटली असं म्हणाल, तर नाही. मला एवढंच दिसत होतं की धुरपताबाई पहिली आहे आणि आमची सिंधू शेवटून तिसरी.

सरपंच श्रीमंतनं गावसभा बोलावली. ठराव एकच, वेस पाडा आणि टँकर आत आणा. चर्चा फार झाली नाही. वेशीसाठी सतरा वर्षं रजिस्टर लिहिणारा मी तिथं उठून चार शब्द बोलेन, असं काही जणांना वाटलं असेल. मी बोललो नाही. ठराव माझ्यापुढं आला आणि मी त्यावर वळणदार अक्षरात सही केली. ती तहानेपोटी केली नाही. ती बाई पहिल्या नंबरावरून हलावी म्हणून केली.

ठराव लातूरला गेला आणि त्याच्या धक्क्यानं कपाटातला माझा जुना अर्ज जागा झाला. पंधरवड्यात जुन्या इमारतींची यादी करणारा एक तरुण साहेब जीप घेऊन आला. वेशीच्या सावलीत उभं राहून त्यानं दोन्ही कागद माझ्यापुढं धरले.

"गुरुजी, वेस जतन करा म्हणून ही सही, आणि वेस पाडा म्हणून ही सही. दोन्ही तुमच्याच का?"

अर्धा गाव भोवती उभा होता. मी म्हणालो, "पहिली इतिहासासाठी, दुसरी गावासाठी." बोलल्याबरोबर माझं मलाच ते पोकळ वाटलं. साहेब हसला नाही, एवढे त्याचे उपकार.

मग त्यानं वेस बघायला सुरुवात केली. मी रजिस्टर उघडून पूर्वजांपासून प्रारंभ केला. तो ऐकत होता आणि दगडांवरून हात फिरवत होता. मध्येच त्यानं विचारलं, "दारं बंद कशी करायचे? कडीकोयंड्याची खूण कुठं दिसत नाही."

"लोखंडी साखळी असणार," मी ठोकून दिलं.

त्या दिवसांत बारवेतला गाळ काढायचं रोजगार हमीचं काम चालू होतं. बाया गाळाच्या पाट्या डोक्यावर घेऊन वेशीतून बाहेर नेत होत्या. त्यांच्यात धुरपताबाई होती. ती थांबली, पाटी उतरवून खाली ठेवली आणि म्हणाली, "सायेब, साखळी न्हवती. अडसर होता."

डाव्या बाजूच्या भिंतीत कमरेच्या उंचीवर एक चौकोनी भोक आहे. मी रजिस्टरात त्याची नोंद 'दिवा ठेवण्याचा कोनाडा' अशी केली होती. धुरपताबाईनं पदर खोचला आणि त्या भोकात हात घातला. हात मनगटापर्यंत गेला, कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला, तरी भोक संपेना.

"सागवानी लाकूड हुतं. दिवसा भितीत ढकलून ठिवायचं, सांजला वढून पल्याडच्या भोकात घालायचं. दोन गड्याचं काम. आमचे मामा एकलेच करायचे, म्हनून त्यांचा उजवा खांदा खाली आल्ता." मामा म्हणजे सासरा, लिंबाजी. तिनं पल्याडचं भोक दाखवलं. दाराचा खालचा खुंट जिथं फिरायचा ती दगडातली खळगी पायानं माती सारून दाखवली. देवडीतला एक दगड इतर दगडांपेक्षा गुळगुळीत का, तेही सांगितलं. किती वेसकर त्याला पाठ लावून बसले असतील, कोण जाणे. शेवटी ती साहेबाला बारवेकडं घेऊन गेली आणि दहा हातांवरची ती जागा दाखवली. "हितं आमच्या बाया बसायच्या." तिच्या आवाजात ना राग होता ना रड. घरातली एखादी खोली दाखवावी तसं तिनं ते दाखवलं.

साहेबानं फीत लावून सगळं मोजलं, लिहून घेतलं. माझं रजिस्टर त्यानं मिटून मला परत दिलं, अगदी अदबीनं. त्यापेक्षा त्यानं ते बारवेत टाकलं असतं तर बरं झालं असतं.

"आणि टँकरचं काय करावं?" त्यानं गावाला विचारलं.

धुरपताबाई पाटी उचलता उचलता म्हणाली, "टँकर भाईरच ऱ्हाऊ द्या. पर आतल्या म्हाताऱ्या बायास्नी कामून उन्हात उभं करता? वेशीतून नळी टाका की आत."

दुसऱ्या आठवड्यात नळी पडली. वेस वाचली, सिंधूला दारात पाणी मिळालं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे मला सुचायला हवं होतं. सतरा वर्षं ते भोक माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्यात साधी काडीसुद्धा घालून बघितली नव्हती.

मे महिन्यात मी निवृत्त झालो. त्याच सुमारास बातमी आली की सरकार वेशीला राखणदार नेमणार. गावात सापडलेले वीरगळाचे कोरीव दगड एका देवडीत ठेवून तिला दार आणि कुलूप बसवणार. राखणदारानं वेस झाडायची, किल्ली सांभाळायची, आल्यागेल्याला माहिती सांगायची. पगार बेताचा, पण सावलीतलं काम आणि मानाचं. गावात मला आगाऊच 'राखणदारसाहेब' म्हणायला लागले. मी नाही-नाही म्हणत लातूरहून नवी टोपी आणली.

हुकूम आला तो असा: 'मूळ वेसकर घराण्यातील श्रीमती धुरपताबाई भीमा सूर्यवंशी यांची नेमणूक करण्यात येत आहे.'

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. गाव मात्र खूश होता. पारावर जो तो म्हणत होता, "बेस झालं. ज्याचं त्याला गेलं." माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र, ती बाई सावलीत बसली आहे, शहरातले पाहुणे तिला विचारत आहेत आणि मी हातात पिशवी घेऊन समोरून जातो आहे. तिचे गुडघे सुजले होते, पाट्या वाहून मानेची शीर आखडली होती, हे मी बघत होतो. हे काम तिला मिळालं तर तिची उरलेली वर्षं सुखाची जातील, हेही मला कळत होतं. कळून काय उपयोग? हेवा कळण्याला जुमानत नाही.

किल्ली द्यायचा कार्यक्रम चावडीत झाला. साहेब आले, सरपंचानं नारळ फोडला. पितळी ताटात हळदकुंकू वाहिलेली किल्ली ठेवली होती. मी मागच्या खांबाला टेकून उभा होतो, जावं की थांबावं ते ठरत नव्हतं. धुरपताबाई पांढरं स्वच्छ लुगडं नेसून आली, सोबत पंचशीला. पायरीशी उभी राहून ती लेकीला म्हणाली, "बाई, त्या कागदातली ती ओळ वाच. मोठ्यानं."

पंचशीलानं वाचलं, "मूळ वेसकर घराण्यातील."

"सायेब," धुरपताबाई म्हणाली, "तुमी चांगल्या मनानं दिलं, मला ठावं हाय. पर ह्ये काम आमी सोडलंय."

साहेबाला काही समजेना. सरपंच म्हणाला, "अगं, सोडलं कसलं? आता तर मिळून राहिलंय."

"सोडलंय, सरपंच. बाबासायबांनी सांगितलं, गावकीची कामं सोडा. मामांनी त्या दिसापासून अडसराला हात लावला न्हाई. रोज सांजला वेसकर भाकर मागाय निघायचा, दारोदार. बाया भाकर वरून टाकायच्या, हात लागू नये म्हनून. त्या सांजला मामा घरीच बसले. घरात पीठ न्हवतं. मी पोर हुते, मला भूक निघंना. मी म्हनलं, मामा, आजच्या दिस जावा की. तर ते म्हनले, पोरी, आज गेलो तर उद्या तुझ्या लेकरालाबी जावं लागंल. आमी पानी पिऊन झोपलो." तिनं पंचशीलाच्या पाठीवर हात ठेवला. "ह्ये ते लेकरू. हिच्यासमोर वेसकर म्हनून मी अंगठा कसा उठवू?"

साहेब तांबडालाल झाला होता. तो घाईघाईनं म्हणाला, "बाई, तो शब्द मी आत्ता खोडतो. हे सरकारी काम आहे, पगाराचं. भाकरीचं नाही."

"हाव. कागदावरचा तुमी खोडाल, सायेब. उद्या मी देवडी उघडल्यावर गाव म्हनंल, वेसकरनीनं वेस उघडली. ते कशानं खोडाल?"

साहेबानं खोडायला उघडलेलं पेन पुन्हा मिटलं. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला मान म्हणून जे ताटात घालून दिलं होतं, ते काय होतं, हे त्या क्षणापर्यंत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. सगळ्यांत आधी यायला हवं होतं माझ्या डोक्यात, कारण लिंबाजी ज्या दारांत उभा राहायचा त्यातलं एक दार आमचं होतं.

"मग किल्ली कुणाला द्यायची?" सरपंचानं विचारलं.

मी खांब सोडून पुढं कधी आलो ते मला कळलं नाही. माझा हात पसरलेला होता, एवढं आठवतं. धुरपताबाईनं वाट दिली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गाळाच्या पाट्या वाहायला गेली. मी नवी टोपी घालून देवडीत बसलो होतो. पाटी घेऊन वेशीतून जाताना ती म्हणाली, "बसलाव का गुरुजी?" मी म्हणालो, "बसलो." तिच्या बोलण्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

शहाऐंशीचा पाऊसही हुलकावणी देऊन गेला. तरी मार्गशीर्षात येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, आली आणि गावानं ती केलीच. येळवशीला आमच्याकडं गाव ओस पडतं. सगळे शेतात जातात, कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करून पूजा करतात, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, आंबील, भाकरी खातात. त्या दिवशी गावात राहतो तो फक्त राखणदार. सिंधू आणि घरचे सगळे बैलगाडीत बसून गेले आणि मी देवडीत किल्ली घेऊन बसलो. माझ्या जन्मात मी पहिल्यांदाच येळवशीला रानात नव्हतो.

दिवस कलला तशी माणसं परतायला लागली. गुणाबाई ही माझी सख्खी चुलती. वय नव्वदीच्या घरात, डोळ्यांनी अंधुक दिसतं. काठी टेकत ती वेशीत आली, थांबली, ओच्यातून भाकर आणि भज्जीचा गोळा काढला आणि हात वर धरून माझ्या पुढ्यात सोडून दिला. भाकर माझ्या मांडीवर पडली.

"घे बाबा," ती म्हणाली, "सनाचं हाय."

मी म्हणालो, "काकू, मी साहेबराव हाव. तुमचा साहेबराव."

"कुनी का असंना," काकू म्हणाली, "वेशीत बसलास न्हवं?" आणि काठी टेकत आत निघून गेली.

ती भाकर मला खाता आली नाही आणि टाकताही आली नाही. मी ती टोपीखाली झाकून ठेवली आणि तसाच सरपंचाच्या घरी गेलो. किल्ली त्याच्यापुढं ठेवली, म्हणालो, मला हे नको. श्रीमंतनं ती उचलून पुन्हा माझ्या हातात दिली. "आसं कसं गुरुजी? तुमच्याबिगर तिथं कोन शोभंल?" आणि मी, एवढ्याशा बोलण्यानं, किल्ली घेऊन परत आलो.

त्याला आता चार वर्षं होतील. रजिस्टराचं पहिलं पान मी खोडलं आणि त्या जागी लिहिलं, की वेस कुणी बांधली ते माहीत नाही. ती लिंबाजीनं राखली आणि त्यानंच सोडली. बारवेजवळच्या त्या दहा हातांबद्दलही लिहिलं. पंचशीला लातूरला नर्सिंग शिकली, नोकरीला लागली, धुरपताबाईला तिनं तिकडं नेलं. मधूनमधून ती गावात येते, वेशीतून जाते आणि माझी चौकशी करते.

अजूनही ती दिसली की माझ्या पोटात आग पडते. पूर्वी मी जळायचो, कारण किल्ली तिला मिळत होती. आता सिंधूला सांगत नाही, पण तुम्हाला सांगतो. घरात पीठ नसताना लिंबाजीनं हे एका सांजेला सोडलं. गुडघे सुजलेले असताना धुरपताबाईनं भरल्या चावडीत सोडलं. माझ्या घरी कणगी भरलेली आहे, पेन्शन वेळेवर येते, मला सोडायला काय लागतं? आज सकाळीही मी सहाला जाऊन देवडी उघडली.